पाण्याखालची वाट

'पाणबुडी' हा शब्द लोखंडी यंत्राच्या वाट्याला आला, त्याच्या कितीतरी आधी मराठी माणसाने तो एका लहानशा पक्ष्याला दिलेला होता. गावच्या तळ्यात किंवा नदीच्या डोहात हा पक्षी शांतपणे तरंगत असतो. काठावर पाऊल वाजले, की तो टुबुककन बुडी मारतो. आणि पाहणारा त्याला इकडे शोधत असतो, तोच तो भलतीकडेच डोके वर काढतो. त्याच्या बुडी मारण्याला कारणे दोनच. एक म्हणजे भक्ष्य मिळवणे आणि दुसरे म्हणजे स्वतः कोणाचे भक्ष्य न होणे. माणसाने पुढे पोलादाची पाणबुडी बांधली, तीही याच दोन कारणांसाठी. अंतर एवढेच, की पक्ष्याची भूक एका मासोळीने भागते.

पाण्याचा स्वभाव ज्याला ओळखायचा असेल, त्याने सावित्री नदीच्या काठाकाठाने चालावे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून ही नदी पोलादपुरापाशी खाली उतरते. उन्हाळ्यात तिथे तिचा तळ दिसतो. गोट्यागोट्यांमधून पळणारे मासेही मोजता येतात. पण तीच नदी महाडला गांधारीला भेटून दासगावाकडे वळली, की तिचे रूप पालटते. समुद्राची भरती तिच्यात शिरते, पाणी गढूळ होते आणि वीतभर खाली काय आहे हे काठावरच्या माणसाला सांगता येत नाही. पुढे ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथे तर पाणी जेवढे दाखवते, त्याच्या शतपट झाकून ठेवते. पाण्याच्या या झाकून ठेवण्याच्या गुणावरच पाणबुडीचे सारे सामर्थ्य उभे आहे.

या गुणाचा उपयोग करून घेण्याची कल्पना जर्मनीत प्रथम प्रत्यक्षात आली ती उत्तरेकडच्या कील या बंदरात. विल्हेल्म बावर नावाच्या तरुण सैनिकाने १८५० मध्ये लोखंडी पत्र्याची एक बोजड नाव तिथे बांधवून घेतली. तिच्यात यंत्र असे नव्हतेच. आतली माणसे पायांनी मोठी चाके फिरवीत आणि त्या जोरावर मागचा पंखा फिरे. १८५१ च्या फेब्रुवारीत बावर आणि त्याचे दोन सोबती तिच्यातून बंदराच्या तळाकडे निघाले. पाण्याच्या दाबाने पत्रा वाकला, नाव चिखलात रुतली. घाबरून झाकण उघडू पाहणाऱ्या सोबत्यांना बावरने जी गोष्ट समजावली, ती ऐकायला विपरीत वाटेल. वाचायचे असेल, तर पाणी आत येऊ दिले पाहिजे, असे त्याचे सांगणे होते. बाहेरच्या पाण्याचा दाब झाकणावर असेपर्यंत माणसाच्या हाताने ते उघडणे अशक्य होते. कित्येक तास ते तिघे वाढत्या पाण्यात उभे राहिले. आतली हवा दाबली जाऊन आतबाहेरचा दाब सारखा होताच झाकण उघडले आणि तिघेही बुडबुड्यांबरोबर वर आले. ती नाव १८८७ मध्ये चिखलातून वर काढण्यात आली आणि आज ती ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. माणसाने पाण्याखालच्या वाटेवर टाकलेले पाऊल असे ठेचकाळत पडले होते.

त्यानंतर अर्धशतकाने, १९०६ मध्ये, त्याच कीलमधील गेर्मानिया नावाच्या कारखान्यात जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी तयार झाली. तिचे नाव अगदी साधे होते: 'यू-१'. तिची लांबी सुमारे ४२ मीटर होती. पाण्याच्या पृष्ठभागावर ती रॉकेलच्या एंजिनावर चाले. या एंजिनातून पांढऱ्या धुराचे लोट उठत आणि रात्री ठिणग्या दिसत. लपण्यासाठी बांधलेली नाव दुरूनच आपली वर्दी देई! हा दोष दूर करायला आणखी काही वर्षे गेली. रॉकेलच्या जागी डीझेलचे एंजिन आले, धूर कमी झाला, पल्ला वाढला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा कीलच्या कारखान्यात अशा नव्या पाणबुड्यांचे काम चालू होते. त्यांतलीच एक होती 'यू-३८'. सप्टेंबरात ती पाण्यात उतरली आणि डिसेंबरात नौदलात दाखल झाली.

'यू-३८' ची लांबी सुमारे ६५ मीटर, म्हणजे सहा एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल तेवढी होती. रुंदी मात्र सहा मीटरांहून किंचित अधिक. एवढ्या जागेत एंजिने, विजेच्या बॅटऱ्या, तेल, पाणतीर, अन्न आणि ३५ माणसे कोंबून बसवायची होती. तिची रचना समजण्यासाठी पाणवठ्यावरची घागर आठवावी. रिकामी घागर पाण्यावर तरंगते. ती कलंडून पाणी आत शिरले, की बुडबुड आवाज करीत खाली जाते. पाणबुडीच्या पोटाभोवती अशाच मोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले, की ती खाली जाते. दाबून ठेवलेली हवा सोडून ते पाणी बाहेर हाकलले, की ती वर येते. बुडताना नाव सरळ राहावी म्हणून माशाच्या परांसारखे आडवे पंख तिच्या अंगाला असतात. ५० मीटर खोल गेले, की पाण्याचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे पाच किलो पडतो. हा भार चहूबाजूंनी सारखा झेलता यावा म्हणून आतले शरीर नळकांड्यासारखे वाटोळे करतात. अंडे मुठीत चहूकडून सारखे दाबले तर सहसा फुटत नाही, त्यातलेच हे तत्त्व आहे.

डीझेलच्या एंजिनाला माणसाप्रमाणेच हवा लागते. म्हणून ते पाण्याखाली चालवता येत नसे. तिथे बॅटरीवर चालणारी विजेची यंत्रे पाणबुडी पुढे नेत. पृष्ठभागावरून ती संथ वेगाने आठ हजारांहून अधिक सागरी मैल जाऊ शके; पण पाण्याखाली मात्र तिला ८० सागरी मैलांचाच पल्ला होता, आणि तोही ताशी पाच मैलांच्या चालीने. म्हणजे बाणकोटच्या मुखापाशी बुडी मारली असती, तर मुंबईच्या बंदरापलीकडे थोड्याच अंतरावर तिला श्वास घेण्यासाठी वर यावेच लागले असते. खरे पाहता ती पाण्याखाली राहणारी नाव नव्हतीच. ती पाण्यावर राहणारी आणि गरजेपुरती बुडणारी नाव होती. त्या डोहातल्या पक्ष्यासारखीच!

या नावांमधील एका उपकरणाची कथा मोठी विचार करायला लावणारी आहे. चहूबाजूंनी लोखंड आणि विजेच्या तारा असलेल्या नावेत साधे चुंबकीय होकायंत्र गोंधळून जाते. त्यावर उपाय शोधला हेर्मान आनशुट्झ-केंफे या जर्मन संशोधकाने. पाणबुडीतून बर्फाखालून उत्तर ध्रुवापर्यंत जावे, ही त्याची आकांक्षा होती; आणि तिथे दिशा चुकू नये म्हणून त्याने भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे होकायंत्र तयार केले. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचा आस सहजी डळमळत नाही, हे विटी-दांडू आणि भोवरा खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. ध्रुवाची वाट शोधण्यासाठी जन्मलेले हे यंत्र युद्धाच्या पाणबुड्यांत बसले आणि त्यांना व्यापारी जहाजांच्या वाटा दाखवू लागले. यंत्राला उत्तर दिशा कळते. योग्य दिशा कोणती, हे त्याला कोण सांगणार?

आता युद्धाकडे वळू. समुद्रावरही एक जुना दंडक होता. शत्रूचे व्यापारी जहाज दिसले, तर आधी त्याला थांबवायचे, तपासायचे आणि ते बुडवायचेच असेल तर त्यावरच्या माणसांना होड्यांत उतरून सुरक्षित होण्याची संधी द्यायची. मोठ्या युद्धनौकेला हे पाळणे सोपे होते. पाणबुडी मात्र पाण्यावर आली, की दुबळी ठरे; एखादा तोफगोळाही तिचे पातळ कवच फोडू शके. ब्रिटिशांनी आपल्या पुष्कळ व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या होत्या आणि जर्मनीची समुद्राकडून नाकेबंदी करून तिथल्या लोकांच्या तोंडचा घास अडवला होता. जर्मनीने त्याचा सूड पाणबुड्यांच्या द्वारे घ्यायचे ठरवले. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटनभोवतालचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झाला. मे महिन्यात 'लुसिटानिया' हे मोठे प्रवासी जहाज बुडवण्यात आले आणि सुमारे बाराशे माणसे प्राणांस मुकली. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. पण कारणांच्या या हमरीतुमरीत बुडणाऱ्या माणसाला हात द्यावा, हा जुना दंडक पाण्याखाली गेला.

१९१५ च्या डिसेंबरात 'पर्शिया' नावाचे टपालाचे जहाज लंडनहून मुंबईला येण्यास निघाले. त्यावर सुमारे पाचशे वीस माणसे होती: अधिकारी, व्यापारी, बायका, मुले आणि त्या सर्वांना वाहून नेणारे खलाशी. खलाशांत भारतीयांची संख्या मोठी होती. ३० डिसेंबरला जहाज क्रीट बेटाच्या दक्षिणेला होते. दुपारी एकचा सुमार. प्रवासी जेवायला बसले होते. त्याच वेळी समुद्राच्या पृष्ठभागावर काठीएवढी एक नळी डोकावत होती. ती 'यू-३८' ची दुर्बीण होती आणि तिला डोळा लावून बसला होता कप्तान माक्स वॅलेंटिनर. कोणतीही सूचना न देता त्याने पाणतीर सोडला. तो जहाजाच्या डाव्या कुशीत घुसला. पाठोपाठ बॉयलर फुटला. दहा मिनिटांच्या आतच 'पर्शिया' दिसेनाशी झाली. जेमतेम चार होड्या पाण्यात उतरू शकल्या. तीनशेहून अधिक माणसे बुडाली. जे वाचले, त्यांतल्या काहींना भुकेल्या-तहानलेल्या अवस्थेत तीस तासांवर समुद्रात काढावे लागले.

त्या जहाजावर खाली उतरलेल्या प्रवाशांची नावे वर्तमानपत्रांनी छापली, मोठ्या लोकांच्या सुटकेच्या कथाही पुष्कळ दिवस चालल्या. कपूरथळ्याच्या महाराजांची रत्ने त्याबरोबर बुडाली, याची चर्चा तर पुढे शतकभर टिकली. खलाशांच्या कथा मात्र फारशा कोणी लिहिल्या नाहीत. त्या काळच्या आगबोटींवर सारंग, तांडेल, सुकाणी, आगवाला, भंडारी अशी कामे करणारी माणसे कोकण, गोवा, काठेवाड, पंजाब, बंगाल अशा दूरदूरच्या प्रदेशांतून येत. कोकणच्या खाड्यांच्या काठची गावे या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. ज्यांचे काम जहाजाच्या तळाशी, भट्टीसमोर असे, त्यांना पाणतीर लागल्यावर वर यायलाही सवड मिळत नसे. पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी समाधी नाही, अशांचे ते स्मारक होय.

हे युद्ध सावित्रीच्या खोऱ्यापासून दूर होते असे वाटेल. पण तसे ते नव्हते. त्याच खोऱ्यातल्या, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी जन्मलेला चिंतामण द्वारकानाथ देशमुख नावाचा तरुण तेव्हा केंब्रिजला शिकत होता. संस्कृतातले पहिले शंकरशेट पारितोषिक मिळवून गेलेल्या या विद्यार्थ्याने १९१७ मध्ये तिथली पदवी घेतली आणि १९१८ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. पुढे १९४३ मध्ये तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचा अर्थमंत्री झाला. महाडच्या या सुपुत्राच्या आणि त्याच्या घराच्या मध्ये त्या वर्षांत जो समुद्र पसरला होता, तो पाणबुड्यांचा समुद्र होता. विलायतेतून कोकणात येणारे प्रत्येक पत्र, 'खुशाल आहे' एवढीच ओळ त्यात असली तरी, त्या लपलेल्या डोळ्यांसमोरून येत होते. 'पर्शिया' बरोबर टपालाच्या पिशव्याही बुडाल्या. त्यांतली पत्रे कोणकोणत्या उंबऱ्यांवर पोचायची होती, हे आता कोणालाच कळणार नाही. जून १९१७ मध्ये तर 'मंगोलिया' हे जहाज खुद्द मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले. 'वुल्फ' या जर्मन जहाजाने गुपचूप पेरून ठेवलेल्या सुरुंगाचा त्याला धक्का लागला होता.

'यू-३८' ने शंभराहून अधिक जहाजे बुडवली. १९१६ च्या डिसेंबरात तिने मदीरा बेटाच्या फुंशाल बंदरात शिरून तोफाही डागल्या. युद्ध संपल्यावर ती फ्रान्सच्या ताब्यात गेली आणि तिथे तिचे लोखंड मोडीत निघाले. युद्धात नवख्या सैनिकांना धडे देण्यापलीकडे काही न केलेली म्हातारी 'यू-१' मात्र राहिली. म्यूनिकच्या संग्रहालयात तिची एक कूस कापून ठेवली आहे आणि तुमच्याएवढी मुले तिच्या आतली चाके, नळ्या आणि अरुंद बिछाने बघत उभी राहतात. हजारो माणसांच्या हातचे कसब त्यांना तिथे दिसते. त्या कसबाला दाद दिलीच पाहिजे. तथापि दुर्बिणीच्या त्या लहानशा काचेतून कप्तानाला काय दिसत होते, हाही विचार तिथे मनात यावा. त्याला धुराडे दिसले असेल, डोलकाठी दिसली असेल, अंतर आणि वेग यांचा हिशेब दिसला असेल. जेवणाच्या पंगतीला बसलेली माणसे दिसली नसतील; भट्टीपुढचा आगवाला तर नाहीच नाही. पाणी कप्तानाला जहाजापासून लपवत होते, आणि जहाजावरच्या माणसांनाही कप्तानापासून लपवत होते. ज्याचा चेहरा दिसत नाही, त्याला मारणे सोपे जाते. या शस्त्राचे खरे भय येथे आहे.

म्हणून पाणबुडी नकोच, असे म्हणणे मात्र सरळ नाही. देशाला समुद्रकिनारा असतो आणि त्याचे रक्षण करावे लागते. कीलमध्येच बांधलेली 'शिशुमार' ही पाणबुडी १९८६ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली आणि तिच्याच जातीची 'शल्की' मुंबईच्या माझगाव गोदीत भारतीय कारागिरांनी बांधून १९९२ मध्ये नौदलाच्या स्वाधीन केली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. कीलच्या चिखलात बावरने जे शिक्षण घेतले, ते अशा रीतीने कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचले. शस्त्र हाती असणे निराळे आणि ते कोणावर, केव्हा उगारायचे याचा विवेक असणे निराळे. पहिली गोष्ट कारखान्यात तयार होते. दुसरीसाठी अद्याप कोठे कारखाना निघालेला नाही.

पाण्याखाली जाण्याचे कसब आणखी एका कामी येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल महापुरात कोसळला. अंधारात दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने माणसांसह प्रवाहात गेली. दुसऱ्या दिवसापासून नौदलाचे पाणबुडे त्या गढूळ, ओढीच्या पाण्यात उतरले. वर मुसळधार पाऊस, खाली हातभर अंतरावरचेही न दिसणारा काळोख, नदीत मगरींचे भय. तटरक्षक दलाचे जवान, आपत्ती निवारणाची पथके आणि काठाकाठाच्या गावांतली माणसे दिवसचे दिवस शोध घेत राहिली. अखेर गाडीचा मोडलेला सांगाडा तळाशी सापडला. कोणाला जिवंत परत आणणे तेव्हा कोणाच्याही हाती उरले नव्हते. तरीही ते उतरले, कारण काठावर नातलग उभे होते आणि त्यांना आपला माणूस शेवटचा पाहायचा होता.

'पर्शिया' वर चाल करून गेलेले आणि सावित्रीत उतरलेले, दोघेही पाण्याखालीच गेले. दोघांनाही समोरचे नीट दिसत नव्हते. एकाने नीट दिसत नसतानाच पाणतीर सोडला; दुसऱ्याने हात पुढे करून चाचपडत माणूस शोधला. पुढच्या जूनमध्ये सावित्रीवर नवा पूल वाहतुकीसाठी खुला झाला आणि आज त्यावरून गाड्या भरधाव जातात. पोलादपुराकडून महाडकडे जाताना खिडकीतून खाली पाहिले, तर पाणी पूर्वीसारखेच संथ आणि गढूळ दिसते. त्याने पोटात काय काय झाकले आहे, याची खूण पृष्ठभागावर कोठेही दिसत नाही. एखाद्या डोहात मात्र तो लहानसा पक्षी अजून बुडी मारतो, आणि थोड्या वेळाने दुसरीकडे वर येतो.